तब्येत, प्रकृती आणि मिजास

रस्त्यात भेटलेला मराठी माणूस विचारतो, 'काय, तब्येत कशी आहे?' तोच माणूस पत्र लिहायला बसला की 'आपली प्रकृती कशी आहे?' असे लिहितो. पहिला शब्द अरबी, दुसरा संस्कृत. बोलण्यात एक आणि लिहिण्यात दुसरा एवढाच फरक आहे असे आपण धरून चालतो. पण दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ पाहिला की थबकायला होते. अरबी 'तबीअत' म्हणजे स्वभाव, माणसाच्या घडणीवर उमटलेला ठसा. याच धातूपासून उर्दूत छपाईला 'तबाअत' म्हणतात आणि छापखान्याला 'मतबा'. 'प्रकृती' म्हणजेही मूळ घडण, निसर्गाने दिलेला पिंड. ताप आला आहे का, पोट ठीक आहे का, असे यातला एकही शब्द विचारत नाही. तुझा मूळ स्वभाव जागेवर आहे ना, एवढेच दोघे विचारतात.

हा निव्वळ योगायोग नाही. ग्रीक वैद्यांचा 'फिसिस' हा शब्द निसर्ग या अर्थाचा. इंग्रजीतला फिजिशियन त्यातूनच निघाला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणले, तेव्हा 'फिसिस'च्या जागी 'तबीआ' बसला. त्याच बगदादमध्ये भारतीय वैद्यकाचे ग्रंथही भाषांतरित होत होते. 850 च्या सुमारास अली इब्न रब्बन तबरी याने 'फिरदौस-अल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात भारतीय वैद्यकासाठी वेगळा भाग राखला. शरीर म्हणजे काही द्रव्यांचा समतोल आणि तो बिघडला की रोग, ही कल्पना तिन्ही परंपरांत आहे. कोणी चार द्रव्ये मोजली, कोणी तीन दोष. तबीअत आणि प्रकृती एकमेकींना ओळखत होत्या त्या अशा.

आता हे बारामती-इंदापूरकडे कसे आले ते पाहू. हा मुलूख आधी बहमनी, मग निजामशाही, मग आदिलशाही आणि मराठे असा हात बदलत गेला. मालोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. या सगळ्या काळात कागदपत्रांची भाषा फारसीने भरलेली होती, आणि सरकारी कागदाबरोबर हकिमाची भाषाही गावात उतरली. तवारीख लिहिणारा फरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहे. तो अहमदनगरच्या निजामशाहीत वाढला आणि 1589 साली विजापूरला गेला. त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा वैद्यकग्रंथही लिहिला आहे. मुसलमान हकिमांना या देशाच्या वैद्यांची विद्या कळावी म्हणून भारतीय वैद्यकातली औषधे त्याने फारसीत समजावून दिली. इथली हवा, इथले अन्न, इथली वनस्पती वेगळी आहे, तेव्हा इथल्या वैद्याकडून शिकले पाहिजे, अशी ही व्यवहारी दृष्टी. दख्खनच्या इतिहासात लढायांची पाने भरपूर आहेत, या पानाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

भीमथडी म्हटले की जुन्या माणसांना तट्टे आठवतात. बारामती हे एके काळी भीमथडी तालुक्याचे ठाणे होते आणि भीमेकाठची ही काटक जनावरे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. घोडा आजारी पडला की बोलवायचा तो 'सालोत्री'. ऐकायला हा शब्द फारसी वाटतो. पण तो आला शालिहोत्र या ऋषीच्या नावावरून, ज्याच्या नावावर अश्ववैद्यकाचा संस्कृत ग्रंथ आहे. बहमनी काळात गुलबर्ग्याला शालिहोत्राचा फारसी अनुवाद झाला. संस्कृतातून फारसीत गेलेले ऋषीचे नाव घोड्याच्या डॉक्टरचे नाव होऊन पुन्हा मराठीत परतले. त्रिफळ्याचेही तेच झाले. हिरडा, बेहडा, आवळा यांचे हे त्रिकूट अरबी-फारसीत 'इत्रीफल' झाले आणि युनानी दवाखान्यात आजही त्याच नावाने मिळते. उलट दिशेने इसबगोल आला. त्यात 'अस्प' म्हणजे घोडा, कारण बियांचा आकार फारसी माणसाला घोड्याच्या कानासारखा दिसला! अत्ताराच्या दुकानात त्रिफळा आणि इसबगोल शेजारी शेजारी बरण्यांत बसतात. 'अत्तार' म्हणजे नुसता सुगंध विकणारा नव्हे, अरबीत औषधी द्रव्ये विकणाऱ्यालाही अत्तारच म्हणतात. सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचा व्यवसायही हाच. आपल्याकडे अत्तार आडनावाची घरे गावोगाव आहेत आणि बाळंतिणीच्या काढ्याचे सामान आणायला सगळ्या जातींच्या बायका त्यांच्याच दुकानाची पायरी चढत आल्या.

मराठीत आल्यावर या शब्दांनी जी वळणे घेतली त्यांत खरी गंमत आहे. 'मिजाज' म्हणजे मिश्रण. शरीरातल्या चार द्रव्यांचे प्रमाण जसे, तसा माणसाचा मिजाज. लखनौकडचा माणूस आजही 'मिजाज कैसे हैं?' असे विचारून तब्येतीचीच चौकशी करतो. मराठीत त्याची 'मिजास' झाली आणि ती फक्त वाईट माणसाला असते. कोणाची मिजास चांगली आहे असे आपण म्हणतच नाही. 'हिकमत' म्हणजे हकिमाची विद्या, शहाणपण. मराठीत हिकमती माणूस म्हणजे युक्तीबाज. 'इलाज' म्हणजे उपचार, पण 'नाइलाज' आपण औषध संपले म्हणून म्हणत नाही, कर्ज काढावे लागले की म्हणतो. 'जुलाब' हा शब्द तर गुलाबजलाचा. फारसीतला 'गुलाब' अरबीत 'जुलाब' झाला, गुलाबाच्या गोड पाकातून रेचक देण्याची पद्धत पडली आणि शेवटी सुगंध उडून जाऊन मराठीत उरले ते आपल्याला ठाऊक आहे. 'हजामत'चीही अशीच कथा. अरबी 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून दूषित रक्त काढणे आणि ते करणारा 'हज्जाम'. वस्तरा त्याच्याच हातात असल्यामुळे दाढीही तोच करायचा. पुढे रक्त काढणे मागे पडले आणि दाढी राहिली. 'हजामत करणे' आणि 'तुंबड्या लावणे' या दोन्हींचा मराठीत दुसऱ्याला लुबाडण्याशी संबंध लागावा, यात जुन्या रोग्यांचा अनुभव बोलत असावा.

'सेहत' हा शब्द मात्र मराठीने घेतला नाही. उर्दू-हिंदीत तो इतका रोजचा असताना मराठीत का रुजला नाही, हे कोडेच. पण त्याचा सख्खा भाऊ आपल्या खिशात आहे. 'सेहत' म्हणजे बिनचूकपणा, दोष नसणे. त्याच धातूचा 'सहीह' म्हणजे खरा, निर्दोष. दफ्तरात कागद तपासून त्यावर 'सहीह' असा शेरा मारला की तो खरा ठरे. त्या शेऱ्याची मराठीत 'सही' झाली. म्हणजे शब्दाची एक शाखा दवाखान्यात गेली आणि दुसरी कचेरीत, आणि मराठीने कचेरीतली उचलली. आज शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांकडून संमतीपत्रावर सही घेतात, तेव्हा आपण नकळत 'सेहत'च्याच घरातला शब्द वापरत असतो. 'सलाम'च्या घरातलाही एक शब्द असाच आपल्याकडे आहे. सलामत, सालिम म्हणजे अखंड, न मोडलेला. 'सहीसलामत परत आला' असे म्हणताना अरबीतले आरोग्याचे दोन शब्द आपण एका दमात बोलून जातो.

अखंडपणा म्हणजे आरोग्य, ही कल्पना अरबीची एकटीची नाही. इंग्रजी 'हेल्थ' हा 'होल' म्हणजे संपूर्ण या शब्दाचा नातलग. आणि मराठीत 'धड' आहेच. धड म्हणजे शरीर, धड म्हणजे नीट, आणि दोन्ही मिळून धडधाकट. फारसी 'तंदुरुस्त'मध्येही तन दुरुस्त असल्याचे सांगितले आहे. मराठीने 'दुरुस्त' यंत्राला लावला, त्यामुळे तब्येत नादुरुस्त आणि एसटी नादुरुस्त एकाच वाक्यात बसू शकतात. संस्कृत 'स्वस्थ' याहून वेगळा. स्व-स्थ म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. हिंदीत त्याचे 'स्वास्थ्य' झाले. मराठीत 'स्वस्थ बस' म्हणजे गडबड करू नकोस. आणि 'आरोग्य' म्हणजे रोग नसणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 7 एप्रिल 1948 पासून अमलात आलेल्या घटनेत मात्र म्हटले आहे की आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती. ज्या संघटनेने असे म्हटले तिच्या मराठी नावातच अभाव दाखवणारा शब्द आहे. हिंदीत ती 'विश्व स्वास्थ्य संगठन', उर्दूत 'आलमी इदारा-ए-सेहत'.

इमारतींच्या नावांतही हाच प्रकार. 'रुग्णालय' म्हणजे रोग्यांचे घर, 'दवाखाना' म्हणजे औषधाचे घर, 'शिफाखाना' म्हणजे बरे होण्याचे घर. 'इस्पितळ' पोर्तुगीजांकडून आले आणि त्याच्या लॅटिन मुळाशी पाहुणा आहे. बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयाच्या नावात इंग्रजी राजवट आणि संस्कृत एकत्र नांदतात. गावाकडून एसटीने येणारा माणूस मात्र 'सरकारी दवाखान्यात चाललोय' एवढेच सांगतो.

शब्दांची ही सरमिसळ सगळ्यांनाच रुचली असे नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' केला, त्याचा रोख राज्यकारभारातल्या फारसी शब्दांवर होता, दुखण्याखुपण्याच्या घरगुती शब्दांवर नव्हता. मोरोपंत बारामतीत राहिले आणि 1794 साली तिथेच वारले. त्यांची आर्या संस्कृताच्या भाराने वाकलेली. त्याच वेळी त्याच गावाच्या पेठेत तब्येत, आजार, दवा, इलाज बिनबोभाट चालू होते. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली तेव्हा प्रश्न घरापर्यंत आला. 1925 साली 'फारसी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनी 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून अतिरेकाला विरोध केला. फारसी जाणणाऱ्या माणसानेच हे करावे हे स्वाभाविक होते. ज्याला शब्दाचे घर ठाऊक असते तो त्याला परका म्हणताना कचरतो.

पण शुद्धी एकाच बाजूने झाली असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. आपल्या घरांतही ती झाली. या भागातल्या मुसलमान घरांत बोलली जाते ती दख्खनी. आजी म्हणते, 'मेरेकू बरा नै लगता.' हा 'बरा' मराठी, वाक्याची ठेवण मराठी, 'मेरेकू' दख्खनी. उर्दू शिकलेला नातू तिला सुधारून सांगतो, 'दादी, तबीअत नासाज है बोलो.' मराठी शाळेत गेलेली नात शाळेत 'आज माझी प्रकृती ठीक नाही' असा अर्ज लिहिते. दोघांचेही बरोबर, आणि आजीची भाषा चुकीची! शिरगणतीच्या रकान्यात बहुतेक जण मातृभाषा उर्दू लिहितात, आजीचे वाक्य मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हे भाषाभिमानाचे भांडण असते तर सोडून दिले असते. पण दवाखान्यात त्याची किंमत मोजावी लागते. निमगाव केतकीकडची एखादी वृद्धा डॉक्टरपुढे बसून 'जी घाबरता, अंगात कणकण हाय, पायाला गोळे येतात, छातीत चमक मारते' असे सांगते, तेव्हा तिने चार वेगळी दुखणी सांगितलेली असतात. डॉक्टर इंग्रजीत शिकलेला, कागदावर 'विकनेस' एवढेच उतरते. घाईतल्या कागदावर छातीतली चमक गळून गेली तर काय होऊ शकते हे सांगायला नको. कणकण, कसर, ठणका, कळ, तिडीक, मुरडा, मळमळ, जळजळ, शिणवटा. या शब्दांना ना संस्कृतात नेमका पर्याय आहे ना अरबीत. हिंदू घरात आणि मुसलमान घरात ते एकच आहेत, शुद्ध करणाऱ्यांच्या हातूनही ते सुटले. मला तर वाटते, आरोग्याचे शब्द आपण पंडितांकडून, हकिमांकडून आणि सरकारकडून घेतले, पण दुखण्याचे शब्द आपले आपण घडवले. 1918 सालच्या इन्फ्लुएंझाला लोकांनी 'मानमोडी' म्हटले ते कोणत्याही कोशात पाहून नव्हे.

रोगांच्या नावांतही असाच साऱ्यांचा साझा होता. 'देवी' आल्या की मुसलमान घरातही 'देवी आल्या' असेच म्हणत. ते नाव घेताना कोणाचा ईमान डळमळला नाही. इंदापूरला चाँदशाहवलींच्या दर्ग्यात आजाऱ्यासाठी नवस बोलणारे दोन्हीकडचे. तिथे 'दवा' आणि 'दुवा' हे दोन अरबी शब्द मराठीत एका काना-मात्रेच्या अंतराने उभे असतात. 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही आणि 1980 साली साऱ्या जगातून रोग गेला असे जाहीर झाले. आता टोचणे उरले आहे, देवी गेली आहे.

2020 च्या एप्रिलमध्ये बारामतीत कोरोनासाठी राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडक बंदी झाली आणि गल्ल्यांना पत्रे लागले, तेव्हा एक नवाच शब्दव्यवहार सुरू झाला. 'पॉझिटिव्ह' म्हटले की घरात रडारड आणि 'निगेटिव्ह' म्हटले की पेढे. आरोग्य म्हणजे रोग नसणे, हा संस्कृतातला जुना नकार इंग्रजी वेषात परत आला. आणि फोनवर नातेवाईक एकमेकांना विचारत होते ते मात्र तेच, 'तब्येत बरी है ना?' अरबी नाम, मराठी विशेषण, हिंदी क्रियापद. पलीकडून उत्तर यायचे, 'हां, अब बरा है.'