शब्दांची मोजदाद आणि शब्दांची पेरणी

शोधनिबंध छापायला पाठवताना गोषवाऱ्याखाली चार-पाच 'कळीचे शब्द' लिहून द्यावे लागतात. माझ्या पहिल्या निबंधाच्या वेळी ते मी दोन मिनिटांत खरडले. मार्गदर्शकांनी सगळे खोडले आणि विचारले, "ज्याला हा निबंध हवा आहे तो कोणता शब्द घेऊन शोधायला येईल?" निबंधात काय आहे ते मी लिहिले होते, शोधणाऱ्याच्या मनात काय असेल ते त्यांना हवे होते. आज संकेतस्थळ चालवणारे लाखो लोक हाच प्रश्न स्वतःला विचारतात आणि आपले पान शोधयंत्राच्या यादीत वर यावे म्हणून त्यावर शब्द पेरतात. ही पेरणी कशी सुरू झाली आणि कशी बिघडली, याचा इतिहास शिक्षकांना ओळखीचा वाटेल. उत्तरपत्रिकेत 'महत्त्वाचे शब्द' अधोरेखित करून गुण मिळवणारा विद्यार्थी आपण सर्वांनीच पाहिला आहे.

शब्दावरून मजकूर शोधण्याची कल्पना जुनी आहे. इ. स. १२३० च्या सुमारास पॅरिसमधील डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची तयार झाली. कोणता शब्द कोठे कोठे आला आहे, हे त्यात दिलेले होते. पुढे कित्येक शतके सूची करणे हे माणसाचेच काम राहिले. ग्रंथपाल पुस्तक चाळी, विषय ठरवी आणि पत्र्यावर नव्हे, पुठ्ठ्याच्या कार्डावर लिही. शब्द निवडणारा लेखकही नव्हता आणि वाचकही नव्हता. हा तटस्थपणा महत्त्वाचा होता, हे तो नाहीसा झाल्यावर कळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर शोधनिबंधांचा असा पूर आला की ग्रंथपाल पुरेनात. तेव्हा आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून या अभियंत्याने हे काम संगणकावर सोपवायचे ठरवले. लून मूळचा जर्मनीचा आणि कापडधंद्यातला. कापडातील धागे मोजण्याचे एक साधन त्याने पूर्वी तयार केले होते. (क्रेडिट कार्डाचा क्रमांक टंकताना एखादा अंक चुकला तर यंत्राला लगेच समजते, ती युक्तीही त्याचीच.) धागे मोजणारा हा माणूस आता शब्द मोजू लागला. १९५७ साली त्याने मांडलेला विचार साधा होता. लेखक ज्या विषयावर लिहितो त्या विषयाचे शब्द त्याच्याकडून पुन्हा पुन्हा लिहिले जातात. 'आणि', 'परंतु' असे सर्वत्र आढळणारे शब्द काढून टाका, एखाद-दुसऱ्या वेळी आलेले शब्दही सोडा. मधल्या शब्दांवरून लेखाचा विषय यंत्रालाही ओळखता येईल.

१९५८ साली त्याने शीर्षकांची सूची यंत्राकडून करून दाखवली. 'भाताच्या पिकावरील तुडतुड्यांचा प्रादुर्भाव' असे शीर्षक असेल, तर ते सूचीत भात, पीक, तुडतुडे आणि प्रादुर्भाव अशा चार ठिकाणी सापडे. प्रत्येक वेळी तो तो शब्द ओळीच्या मध्यभागी आणि आजूबाजूला उरलेले शीर्षक. १९६१ पासून अमेरिकेत रसायनशास्त्रातील नव्या निबंधांची अशी सूची नियमित निघू लागली.

आणि एक गंमत झाली. 'एक नवे निरीक्षण' असे शीर्षक देणारा लेखक सूचीत हरवून जाऊ लागला. कोणी निरीक्षण हा शब्द घेऊन शोधायला निघत नाही! मग शीर्षकात पदार्थाचे, प्रक्रियेचे नाव घालण्याकडे लेखक आणि संपादक लक्ष देऊ लागले. रसायनशास्त्रातील शीर्षके अधिक माहितीपूर्ण होत आहेत काय, हा प्रश्नच १९७० साली एका निबंधाचा विषय झाला आणि उत्तर होकारार्थी आले. यंत्राला सापडावे म्हणून केलेली ही शब्दपेरणीच होती, पण तिने वाचकाचेही भले झाले. शीर्षकात जागा दहा-बारा शब्दांचीच, आणि परीक्षकांची नजर त्यावर असणार. खोटे पेरायला वाव नव्हता.

मोजण्याच्या पद्धतीत मोठी सुधारणा केली ती केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी. संशोधनाकडे वळण्यापूर्वी त्या काही काळ शाळेत शिकवत होत्या. एखादा शब्द लेखात किती वेळा आला एवढेच पाहू नका, तो एकंदर किती लेखांत आला तेही पाहा, असे त्यांनी १९७२ साली मांडले. समजा, आपल्याकडे १,००० लेख आहेत. 'पाणी' हा शब्द १०० लेखांत आहे आणि 'केशाकर्षण' केवळ १० लेखांत. एकूण लेखांना त्या संख्येने भागून लॉगॅरिथम काढला, तर 'पाणी'चे वजन १ येते आणि 'केशाकर्षण'चे २. जो शब्द हजारही लेखांत आहे त्याचे वजन शून्य. नववी-दहावीच्या वर्गात पाठ्यपुस्तकातील धडे घेऊन हा हिशेब जरूर करून पाहावा. शून्य आलेल्या शब्दांची यादी पाहून मुलांना मजा वाटते. शोधयंत्रांच्या पायाभूत हिशेबात ही कल्पना अनेक वर्षे टिकली.

परंतु लून काय किंवा स्पार्क जोन्स काय, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: आपले शब्द मोजले जात आहेत याची लेखकाला कल्पना नाही. ग्रंथालयात ती चालून गेली. महाजालावर चालली नाही.

१९९४ साली वेबक्रॉलर या शोधयंत्राने पानांतील सगळा मजकूर शोधता येईल अशी सोय केली. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे अल्टाव्हिस्टा आले. ही यंत्रे शब्द मोजत, तो शीर्षकात आहे का हे पाहत, आणि काही यंत्रे पानाच्या आत लेखकाने लिहून ठेवलेली कळीच्या शब्दांची चिठ्ठीही वाचत. ही चिठ्ठी वाचकाला पडद्यावर दिसत नसे. म्हणजे ग्रंथपालाचे कार्ड आता लेखकाच्याच हाती आले होते, आणि तपासणारे कोणी नव्हते.

मग व्हायचे तेच झाले. एकच शब्द शंभर वेळा लिहिला जाऊ लागला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या रांगा लिहिण्याची युक्ती निघाली; वाचकाला कोरे दिसे, यंत्राला मजकूर. कोणी आपल्या चिठ्ठीत प्रतिस्पर्ध्याचेच नाव घातले. असा एक खटला १९९९ साली अमेरिकेतील अपील न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने म्हटले, की आपल्या दुकानापुढे दुसऱ्याच्या नावाची पाटी लावण्यासारखेच हे आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या विद्यार्थ्यांनी १९९८ सालच्या आपल्या निबंधात या दुरवस्थेचे नेमके वर्णन केले आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यावसायिक शोधयंत्रांपैकी एकालाच स्वतःचे नाव शोधायला दिल्यावर पहिल्या दहांत स्वतःचे पान सापडत होते! त्यांचा उपाय असा: लेखक स्वतःविषयी काय म्हणतो यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात का, आणि बोट दाखवताना कोणते शब्द वापरतात, हे पाहायचे. ज्याच्याकडे वजनदार पाने बोट दाखवतात तो स्वतःही वजनदार. ही कल्पना वैज्ञानिकांना परकी नव्हती. कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणी केला याची सूची असावी असे युजीन गारफील्ड यांनी १९५५ सालीच सुचवले होते आणि १९६४ पासून ती निघूही लागली होती. त्याच १९९८ साली ब्रिन आणि पेज यांची गूगल कंपनी स्थापन झाली.

त्यानंतर दुवे विकत मिळू लागले, हे सांगायला नकोच. (आम्हा संशोधकांतही एकमेकांचे उल्लेख करून पाठ खाजवणारे आहेत, तेव्हा हसण्याचा अधिकार आम्हाला नाही.) कळीच्या शब्दांची चिठ्ठी क्रमवारीसाठी आपण वापरतच नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. फेब्रुवारी २०११ मध्ये शब्दांसाठीच लिहिलेल्या निकृष्ट पानांना खाली ढकलणारा बदल आला आणि २०१९ पासून वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध पाहणारी पद्धत वापरात आली. तरीही पानाला नेमके शीर्षक द्यावे, वाचक जो शब्द वापरतो तो मजकुरात असावा, हा सल्ला आजही खरा आहे. लेखक 'अभिसरण' लिहितो आणि मुलगा 'रक्त शरीरात कसे फिरते' असे शोधतो. दोन्ही शब्दप्रयोग पानावर असले तर त्यात लबाडी कसली?

मराठीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. इंग्रजीत 'वॉटर' वाक्यात कोठेही गेला तरी बहुधा तसाच राहतो. आपले 'पाणी' मात्र पाण्यात, पाण्याने, पाण्यामुळे असे रूप पालटते. अक्षरे जुळवून पाहणाऱ्या यंत्राला हे निरनिराळे शब्द वाटतात. भारतीय भाषांतील शोधाची पारख करणारा 'फायर' हा उपक्रम २००८ साली सुरू झाला, तेव्हा हिंदी आणि बंगालीबरोबर मराठी वृत्तपत्रांतील मजकूरही त्यात घेतला होता. प्रत्यय काढून मूळ शब्दापर्यंत कसे पोचावे, यावर त्यानंतर बरेच काम झाले.

पण त्याही आधीची एक अडचण होती. २००० सालाच्या सुमारास महाजालावरचा पुष्कळसा मराठी मजकूर खास फाँट वापरून चढवलेला असे. वाचकाला पडद्यावर मराठी दिसे. आत साठवलेली मात्र रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी असे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती, पण छपाईचा सगळा सरंजाम जुन्या फाँटवर चाले. त्या पानांवर लेखकांनी शब्द कितीही विचारपूर्वक निवडलेले असोत, शोधयंत्राला त्यांतला एकही वाचता येत नसे. शाळेच्या संगणकात तेव्हाचे टाचण, प्रश्नसंच, विज्ञानमंडळाचे अंक पडून असतील, तर त्यांतली एखादी धारिका उघडून 'पाणी' शोधून पाहा. सापडले नाही, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल.