परकोटाखालचा मलमा

किल्ल्याचा इतिहास लिहिताना आपली नजर तटाच्या माथ्याकडे जाते. बुरूज किती, दरवाजे किती, कोणत्या राजाने काय बांधले, हे आपण मोजतो. चंद्रपूरच्या परकोटाचा अभ्यास करताना मीही बरीच वर्षे तेच केले. तटाच्या पायथ्याशी काय साचले आहे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचे एक कारण माझ्या घरातच होते.

खांडक्या बल्लाळशहाचा कुत्रा आणि त्याच्या अंगावर उलटून धावणारा ससा, ही चंद्रपूरच्या स्थापनेची आख्यायिका इथल्या पोरासोराला पाठ असते. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट उभा राहिला, असे सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी जागेची निवड डोळसपणाची होती. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट आणि मधल्या उंचवट्यावर गाव. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर अशा पाच खिडक्या. इंग्रजी काळातील नोंदींत तटाचा घेर साडेपाच मैल दिला आहे. हा तट शत्रूला अडवी, तसाच पावसाळ्यात फुगलेल्या नद्यांचे पाणीही अडवी.

मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडले आणि चांदा घेतले. त्यानंतर तटावर चालून येणारे सैन्य उरले नाही. पुढे गाव तटाबाहेर वाढले, कोळसा आला, वीज केंद्र आले, वस्ती तीन लाखांवर गेली. लढाईत न पडलेला तट आता गावाची मागची बाजू झाला. आणि मागच्या बाजूला माणूस काय टाकतो, ते सांगायला नको.

पण पूर्वी घरे पडत नव्हती का? पडत होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या घरात माती, बांबू, सागवान आणि कवेलू एवढाच ऐवज असे. घर उतरवताना आधी कवेलू काढून रचून ठेवत. फुटके तेवढे अंगणाच्या भरावात जात. सागवानी खांब, मयाल नव्या घरात बसत. भिंतीची माती भिजवून पुन्हा भिंतीलाच लागे, नाहीतर शेतात पडे. घर ‘पाडले’ न म्हणता ‘उतरवले’ म्हणत, यातच कामाची रीत आली. चुन्याच्या पक्क्या बांधकामातही विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळत. सिमेंटच्या घराला ही रीत लावता येईना. त्यात वीट गिलाव्याला चिकटलेली, गज काँक्रीटमध्ये रुतलेला. ते उतरवता येत नाही, फोडावेच लागते.

आमचे पठाणपुऱ्याकडचे घर दोन्ही काळांचे होते. पुढचा भाग आजोबांचा, मातीचा; मागे वडिलांनी चढवलेली सिमेंटची खोली. घर पाडले तेव्हा पुढच्या भागातले सारे घरात किंवा ओळखीत खपले. मागच्या खोलीचा मलमा ट्रॅक्टरवाला भरून घेऊन गेला. किती खेपा झाल्या, हे मी मोजले, कारण पैसे खेपेवर होते. कुठे टाकतोस, हे मात्र विचारले नाही.

१ मार्च २०१७ रोजी बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेने परकोटाची सफाई सुरू केली. कार्यकर्ते रोज सकाळी श्रमदान करीत, आणि हे काम शेकडो दिवस चालले. बुरुजांवरची झुडपे निघाली, माती निघाली, कचरा निघाला. मीही काही सकाळी फावडे घेऊन गेलो. तेव्हा कळले की तिथले अवघड काम उचलण्याचे नाही, निवडण्याचे आहे. तटाचा निखळलेला घडीव दगड आणि कुणाच्या तरी पायातला डबर एकाच ढिगात असतात. सरसकट उचलले तर इतिहासच ट्रॉलीत जातो. एका ढिगात मला लाल मोझॅकचा तुकडा सापडला. आमच्या मागच्या खोलीची फरशी तशीच होती. तो आमचाच होता असे मी म्हणणार नाही. तशी फरशी तेव्हा घरोघरी होती. पण तो आमचा नव्हता, हेही मला सांगता येईना.

२०१६ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी प्रथमच स्वतंत्र नियम काढले. काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लास्टिक, विटा व गिलावा, असे चार भाग वेगळे करावेत, मलमा नालीत वा रस्त्यावर न टाकता संकलन केंद्रावर द्यावा, असे ते सांगत. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन मलमा काढणाऱ्याने त्या नियमांनुसार आधी आराखडा द्यायचा असे. आमच्यासारखी एका खोलीची घरे या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहत. आराखड्यातून ती सुटत, वेगळे करण्याच्या जबाबदारीतून नाही. तटाखालचे ढीग मला तरी अशाच ट्रॉली-दोन ट्रॉलींचे वाटले.

वेगळे केलेल्या मलम्याला किंमत आहे. २०१६ मध्येच सुधारलेल्या भारतीय मानक ३८३ नुसार जुने काँक्रीट फोडून केलेली गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, एम-२५ प्रतीपर्यंत, २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या हलक्या थरात पूर्णही वापरता येते. मात्र त्यात माती, लाकूड, प्लास्टिक मिसळले की ती गिट्टी राहत नाही, मलमाच राहतो. आजोबांचा कवेलू रचून ठेवणारा गडी आणि हे मानक एकच गोष्ट सांगतात : निवड पाडतानाच करायची, टाकल्यावर नाही.

झरपटच्या काठाने चालताना हे अधिक जाणवते. नदीच्या पात्रात पडलेली प्रत्येक ट्रॉली पाण्याची तेवढी जागा खाते, आणि ते पाणी पावसाळ्यात गावाकडे वळते. ज्या तटाने आपल्याला पुरापासून राखले, त्याच्या पायथ्याशी आपणच पुराला वाट करून देतो आहोत.

गेल्या वर्षी घराची गच्ची दुरुस्त केली. गज भंगारवाल्याला दिले, विटा वेगळ्या रचल्या, फोडलेले काँक्रीट अंगणातल्या पायवाटेखाली घातले. उरलेली एक खेप न्यायला ट्रॅक्टरवाला आला, तेव्हा मी आधी विचारले, ‘‘कुठे टाकतोस, भाऊ?’’ तो हसला. हा प्रश्न त्याला कुणी विचारत नसावे. त्या दिवशी मी त्याच्या ट्रॉलीत बसून गेलो.