दूधविनायकातील उन्हाळी अभ्यास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काशीविषयी काही लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली. काशीचे घाट, मंदिरे व पंडितसभा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही एका लहान विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एक इयत्ता संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या उन्हाळ्यात मुलांनी काय शिकावे, हा तो विषय होय.

दूधविनायक हा पंचगंगा, दुर्गा व ब्रह्मा या घाटांच्या परिसरातील मोहल्ला. दुग्धविनायकावरून त्यास हे नाव पडले. मराठी कुटुंबांची येथील वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची असून आमचे बालपणही येथेच गेले.

सुट्टीतील अभ्यास ही अलीकडची कल्पना आहे, असा समज आढळतो. वस्तुतः आपल्या जुन्या अध्ययनक्रमातही असा काळ योजलेला होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे श्रावणी अथवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावे, नंतर उत्सर्जन करावे. आणि तेथून पुढे शुक्लपक्षात वेद व कृष्णपक्षात वेदांगे म्हणावीत. म्हणजे उन्हाळ्याच्या महिन्यांत एका पंधरवड्यात मूळ पाठाची उजळणी आणि दुसऱ्यात तो पाठ ज्यांच्या आधाराने कळतो त्या शिक्षा, व्याकरण, छंद आदी अंगांचा अभ्यास. पुढचा भाग घाईने उरकण्यापेक्षा मागचा पक्का करण्यावर भर होता.

उपाकर्म नेमके केव्हा करावे, याचा ऊहापोह करणारा 'निर्णयसिंधु' हा ग्रंथ १६१२ मध्ये याच काशीत पूर्ण झाला. त्याचे कर्ते कमलाकर भट्ट हे पैठणहून काशीस आलेल्या रामेश्वर भट्टांच्या घराण्यातले. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्टही त्याच घराण्यातले. अर्थात ही परंपरा मुख्यतः मुंज झालेल्या ब्राह्मण मुलांपुरती होती, मुली व इतर जाती तिच्याबाहेर होत्या, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे शाळा आल्या आणि अभ्यासाची भाषा हिंदी झाली. त्या भाषेत आपल्या लोकांनी मोठे कार्य केले. पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक होते. त्यांनी बीजगणित हिंदीत आणले. काशीतच १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक झाले. एक भाषा उत्तम येण्यासाठी दुसरी विसरावी लागत नाही, हे या उदाहरणांवरून दिसते.

आमच्या लहानपणी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास शाळा मिटत आणि जुलैत नवी इयत्ता सुरू होई. वरच्या वर्गातील मुलांकडून पुढची पुस्तके निम्म्या किमतीत घेऊन त्यांना जुन्या वर्तमानपत्राची कव्हरे घातली जात. परंतु आजोबा ती पुस्तके जूनअखेरपर्यंत फळीवर ठेवीत. बाहेर लू वाहत असता वाड्याच्या थंड तळमजल्यावर सरलेल्या वर्षाची उजळणी चाले. त्यानंतर पावकी, सवायकी, दिडकी, औटकी. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर या पाढ्यांचे व्यवहारातील महत्त्व ओसरले होते. तरी चार औटे चौदा होतात हे ज्याला तोंडी सांगता येते त्याला पुढे अपूर्णांकांची भीती वाटत नाही, असे आजोबा म्हणत. हेच पाढे शेजारची मुले सवैया, ड्योढा, हूंठा अशा नावांनी म्हणत. दोन्ही चाली कानांवर पडत आणि हिशेब एकच निघे.

तिसरा पाठ मराठीचा. लिपी एकच असल्याने वाचन लवकर येई, परंतु 'ळ' जिभेवर बसवावा लागे. 'काळ' आणि 'काल' यांतील भेद शाळेत कोणी शिकवणार नव्हते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, हे समजल्यावर आम्ही मुले आपल्या सुट्टीला दोन्ही अर्थ लागू पडतात असे म्हणत असू. रोज मनाच्या श्लोकांपैकी पाच आणि आठवड्यास महाराष्ट्रातील एका नातलगास एक पत्र, असा नेम होता.

उन्हाळ्यात मुले किती विसरतात, याचा अभ्यास अमेरिकेत बराच झाला आहे. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी महिन्याभराच्या अभ्यासाइतकी घट दिसली आणि ती वाचनापेक्षा गणितात अधिक होती. ही घट खरोखर किती, याविषयी पुढे मतभेद झाले आहेत. तथापि आकडेमोडीस उजळणी लागते, हा आजोबांचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आता आमची चूक सांगितली पाहिजे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन आम्ही एका दूरच्या शहरी गेलो. तेथील शाळेने मुलगा मागे असल्याचे सांगितले. आम्ही घाबरलो आणि सलग तीन सुट्ट्या त्याच्याकडून पुढील इयत्तेची पुस्तके आधीच करून घेतली. गुण वाढले. मराठी मात्र 'नंतर पाहू' म्हणून राहिली. चौथ्या वर्षी दूधविनायकातून आमच्या वडिलांचे पत्र आले. मुलाने ते हाती घेतले, दोन ओळी अडखळत वाचल्या आणि आमच्या हाती परत देऊन म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा आजोबांनी काय लिहिलंय." त्यानंतर वडिलांनी त्याला निराळे पत्र लिहिले नाही. आमच्या पत्राच्या शेवटी त्याला आशीर्वाद तेवढा येत राहिला.

शाळेला वर्षाचे दहा-साडेदहा महिने आहेत; घराच्या भाषेला ही सुट्टीच काय ती मिळते. आता पुष्कळ शाळांचे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते आणि पुढील इयत्तेचा गृहपाठ सुट्टीत शिरतो, त्यामुळे तीही आक्रसत आहे. म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यापासून मंडळाच्या सभागृहात रोज दीड तासाचा वर्ग चालवावा. त्यात अर्धा तास मागील वर्षाच्या गणिताची उजळणी, अर्धा तास मराठी वाचन आणि अर्धा तास पत्रलेखन असावे. पत्र आजी-आजोबांना स्वहस्ते लिहिलेले असावे व त्याचे उत्तर मुलानेच वाचावे. हा वर्ग सुरू झाल्यास पहिल्या वर्षी शिकवण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.