४० टक्के आले कुठून?

अँजिओप्लास्टी झालेले काका विचारतात, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आजी विचारतात, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाचा मुलगा विचारतो : "डॉक्टर, दिव्यांगाचा दाखला मिळेल का?" कुणाला एसटीची सवलत हवी असते, कुणाला प्राप्तिकरातली सूट, कुणाला मॉलमध्ये निळ्या चौकटीत गाडी लावायची असते. आम्ही डॉक्टर मंडळी उत्तरादाखल एकच आकडा सांगतो : ४० टक्के भरले तर.

हा आकडा मात्र वैद्यकशास्त्राने शोधलेला नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची मर्यादा ठरवताना हजारो रुग्णांचे पुढे काय झाले हे पाहिलेले असते. ३९ टक्के आणि ४० टक्के या दोन माणसांच्या शरीरात तसा काहीच फरक नसतो. ४० ही कायद्याने मारलेली रेघ आहे.

अवयवांना टक्के लावणे आपल्याकडच्या कायद्यात ठळकपणे दिसते ते १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात. गिरणीत, रेल्वेत, खाणीत मजुराचा हात यंत्रात गेला तर मालकाने किती पैसे द्यायचे, यासाठी त्या कायद्याला एक तक्ता जोडला होता. उजवा हात कोपराच्या वर तुटला तर ७० टक्के, डावा तुटला तर ६०. एक डोळा गेला तर ३०, अंगठा गेला तर २५. हे टक्के वेदनेचे नव्हते की रोजच्या अडचणींचे नव्हते. कमाईची ताकद किती घटली त्याचे होते. (डावखुऱ्या मजुराचा विचार तक्ता करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.) पैशाचा हिशेब करायचा तर आकडा लागणारच, त्यात गैर काही नाही. पण माणसाचे अपंगत्व एका आकड्यात मावते ही समजूत तेव्हापासून आपल्या कचेऱ्यांमध्ये मुरली आहे.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे अपंगांसाठी एक असा कायदा नव्हता. १९७७ मध्ये केंद्र सरकारने 'क' आणि 'ड' गटांतल्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या : एक टक्का अंधांना, एक कर्णबधिरांना, एक हातापायाने अधू असलेल्यांना. १९८६ मध्ये कल्याण मंत्रालयाने व्याख्या ठरवून दिल्या. संसदेचा कायदा आला तो थेट १९९५ साली, आणि तोही सहजासहजी नाही. जावेद अबिदी यांच्यासारखे स्वतः व्हीलचेअरवर असलेले कार्यकर्ते दिल्लीत रस्त्यावर उतरले तेव्हा. त्या कायद्यात सात प्रकार होते : अंधत्व, क्षीणदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचे अपंगत्व, मतिमंदत्व (हा तेव्हाचा शब्द) आणि मानसिक आजार. यांपैकी काहीतरी किमान ४० टक्के असेल तरच ती व्यक्ती अपंग. ३५ टक्के असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती अपंग नव्हतीच.

मोजमाप कसे होते हे रुग्णांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत, अशा माणसाला आजच्या सरकारी तक्त्यातही ३० टक्केच मिळतात. तो रेघेच्या खाली राहतो. दुसरी गंमत बेरजेची. समजा, एका दोषाचे २० टक्के आहेत आणि दुसऱ्याचेही २०. तुम्ही म्हणाल झाले ४०. पण तसे नसते. मोठा आकडा पूर्ण धरायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे, आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे, असे सूत्र आहे. या हिशेबाने वीस आणि वीस मिळून सुमारे ३५.६ होतात, आणि दाखल्याची आशा मावळते. बोर्डाने मुद्दाम कमी दिले असा संशय घेऊन चिडलेले लोक माझ्याकडे येतात. पुष्कळदा त्यामागे हे सूत्र असते.

आणखी एक : बोर्ड आजाराचे नाव मोजत नाही, मागे राहिलेला दोष मोजते. अर्धांगवायू झाल्यावर पंधरा दिवसांत दाखला मागू नका. मज्जासंस्थेच्या आजारात साधारण सहा महिने थांबून, सुधारणा होऊन जे उरते तेच धरले जाते.

२०१६च्या नव्या कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, सातांचे एकवीस प्रकार केले. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, ऑटिझम, शिकण्यातल्या अडचणी, अॅसिड हल्ल्यातले पीडित यांना त्यात जागा मिळाली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आले. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची मुले वेदनेने महिन्या-महिन्याला शाळा बुडवतात. पण हातपाय शाबूत असल्यामुळे जुन्या कायद्याला ती दिसतच नव्हती. अर्थात यादीत आले म्हणजे सगळे मिळाले असे नाही. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांत या रक्ताच्या आजारांना वाटा आहे, सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्क्यांत नाही. हृदयविकार, किडनी निकामी होणे आणि मधुमेह एकविसांतही नाहीत. त्यामुळे अँजिओप्लास्टीवाल्या काकांना माझे उत्तर 'नाही' असेच असते.

माझ्या मते या कायद्यातला सर्वांत मोठा बदल यादीचा नाही, व्याख्येचा आहे. आता दोन व्याख्या आहेत. दीर्घकाळच्या दोषामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो दिव्यांग. इथे टक्के नाहीत. ४० टक्क्यांची अट फक्त दुसऱ्या गटाला, म्हणजे आरक्षण आणि काही ठरावीक योजनांसाठी आहे. भेदभाव न होण्याचा हक्क पहिल्या गटातल्या प्रत्येकाला आहे. ही गोष्ट कचेऱ्यांमध्ये अजून पोचलेली नाही. यूपीएससीच्या एका उमेदवाराला हाताला पेटके येऊन लिहिता येत नव्हते. त्याला लेखनिक नाकारला गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण नेमके उलटे होते. बोलण्याचा दोष ४० टक्क्यांच्या वर, म्हणून त्याला वैद्यकीय शिक्षणासाठी अपात्र ठरवले होते. न्यायालय म्हणाले, आकडा पाहू नका, हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का ते पाहा.

प्रत्येक खात्याची रेघही वेगळी. एसटीला ४० टक्के चालतात. जुन्या करपद्धतीत ४० टक्क्यांना ७५ हजारांची वजावट आणि ८० टक्क्यांना सव्वा लाखाची. रेल्वे टक्के पाहतच नाही. सोबतीशिवाय प्रवास करता येतो का, हे पाहते. आणि उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोग, हृदय व किडनीच्या रुग्णांना रेल्वेत वेगळी सवलत आहे. डायलिसिसवाल्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

राहिली निळी चौकट. व्हीलचेअरचे ते चित्र १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढले. तिच्या चित्राला डोके नव्हते, ते नंतर बसवले गेले. गाडी लावण्याच्या हक्काचा बिल्ला ब्रिटनने १९७०च्या कायद्याने आणला, आधी नारिंगी, २००० पासून निळा. त्यांचा मूळ प्रश्न टक्क्यांचा नव्हता, चालता येते का हा होता. २०१९ मध्ये इंग्लंडने त्यात वरून न दिसणारे आजारही घेतले. मुलांकडे तिकडे जाऊन आलेले आजी-आजोबा हा बिल्ला इथेही मिळेल का विचारतात. आपल्याकडे देशभर चालणारा असा बिल्ला नाही. इमारतींच्या नमुना नियमांत प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, किमान ३.६ मीटर रुंदीच्या दोन जागा ठेवायला सांगितले आहे. रुंदी जास्त अशासाठी की दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची उभी करता यावी. तिथे आडवी स्कूटर लावणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते. तिथे गाडी लावताना यूडीआयडी कार्ड जवळ ठेवा, वाद कमी होतात. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी सरकारने नेमलेल्या रुग्णालयात होते. माझ्या लेटरहेडवरचा दाखला तिथे चालत नाही.

हाताच्या दोषाने ६० टक्के मिळवलेला माणूस भरभर चालू शकतो, आणि हृदय कमकुवत झालेल्याला पन्नास पावलांत धाप लागते, पण त्याच्याकडे कार्ड नसते. अशा रुग्णाला मी सोसायटीच्या नावे साधे पत्र लिहून देतो : यांना लिफ्टजवळची जागा द्यावी. त्या पत्रामागे कायद्याचे बळ नाही, तरी बहुतेक सोसायट्या ऐकतात.