याचना नव्हे, आमंत्रण

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहतांना एक गोष्ट ठळकपणें ध्यानांत येते. आमचें देवमंदिर, शाळा, दवाखाना, वसतिगृह, यांपैकीं एकही वास्तु कोणा एकाच्या द्रव्यावर उभी राहिली नाहीं. तीं अनेकांच्या घामाचीं व मुठीमुठीनें दिलेल्या पैशांचीं फळें होत. तरीही वर्गणी मागण्याची वेळ आली कीं आपण संकोचतों. अथवा संकोच सोडून इतके दीनवाणे होतों कीं, ज्यांच्यासाठीं मागावयाचें त्यांचीच मान खालीं जाते. मागावें कसें, हा प्रश्न म्हणूनच नुसता द्रव्याचा नाहीं. तो माणसाच्या अब्रूचा आहे. त्याचें उत्तर चंद्रपूर व गडचिरोली या आपल्याच अरण्यमय जिल्ह्यांच्या इतिहासांत सांपडतें.

ख्रिस्तसभेस हा प्रश्न नवा नाहीं. जेरुसलेममधील गरजू बंधुजनांसाठीं संत पौलानें वर्गणी जमविली. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच्या पत्रांत तीन नियम स्पष्ट दिसतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या प्राप्तीप्रमाणें कांहीं बाजूस ठेवावें. देणें खुषीचें असावें, बळजबरीचें नसावें. आणि रक्कम पोंचविण्याच्या कामीं मंडळ्यांनीं निवडलेले विश्वासू सोबती असावे, म्हणजे कोणास बोट ठेवावयास जागा उरणार नाहीं.

आतां वरोऱ्याकडे वळूं. येथील वकील मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समितीची स्थापना केली. १९५१ सालीं सरकारकडून मिळालेल्या खडकाळ जमिनीवर ते व साधनाताई सहा रुग्णांसह राहावयास गेले. जवळ एक लंगडी गाय व चौदा रुपये, एवढेंच भांडवल होतें. त्या ओसाड जागेस त्यांनीं नांव दिलें ‘आनंदवन’. या नांवांतच एक मोठा धडा आहे. रोगाचें नांव दारावर लिहिलें असतें, तर लोकांनीं दुरूनच दया केली असती. आनंदाचें नांव लिहिल्यामुळें लोक पाहावयास आले.

आरंभीं मात्र येथील दूध व भाजी विकत घेण्यास लोक भीत असत. ही भीति नुसत्या उपदेशानें गेली नाहीं. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन राहिले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनीं बांधकाम केलें, तेव्हां भोवतालच्या जनतेचे डोळे उघडले. दानानें माणूस पंगु होतो व श्रमानें उभा राहतो, असा बाबांचा आग्रह होता. देणग्या त्यांनींही स्वीकारल्या. परंतु त्या रुग्णांच्या श्रमास जोड म्हणून, श्रमाच्या ऐवजीं नव्हे. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांमध्यें राहून १८८९ सालीं तेथेंच देह ठेवणारे संत दामियन यांचें नांव धारण करणारा डेमियन-डटन पुरस्कार १९८३ सालीं बाबांस मिळाला, ही गोष्ट आम्हां कॅथलिकांस विशेष अभिमानाची वाटावी.

पुढें २३ डिसेंबर १९७३ रोजीं भामरागडच्या रानांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं प्रथम माडिया भाषा शिकून घेतली. स्विसएड या संस्थेच्या साह्यानें रुग्णालय उभारलें गेलें तें त्यानंतर. आधीं माणसांचा विश्वास, मग इमारत, असा हा क्रम आहे.

तिसरें उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. गांवोगांवचे जन्म व मृत्यु मोजून, ३९ खेड्यांत घरोघरीं नवजात बालकांची काळजी घेण्याचा त्यांनीं प्रयोग केला. तुलनेसाठीं घेतलेल्या ४७ खेड्यांशीं ताडून पाहतां, नवजात बालमृत्यूचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. पुढें २००१ सालीं महाराष्ट्रांतील बालमृत्यूंवरील अहवालास ‘कोवळी पानगळ’ असें नांव देण्यांत आलें. आंकड्यानें बुद्धीस पटतें, शब्दानें हृदयास लागतें. दोहोंपैकीं एकच असेल तर निवेदन अर्धवट राहतें.

आमच्याही हातून चूक घडली आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. पूर्वीं कित्येकदां आम्हीं केविलवाण्या मुलांचीं चित्रें दाखवून पैसा मागितला. पैसा आला, परंतु तीं मुलें मोठीं होऊन तें चित्र पाहतील तेव्हां त्यांस काय वाटेल, याचा विचार आम्हीं केला नव्हता.

म्हणून वर्गणीस निघणाऱ्या मंडळींस आमचें सांगणें असें. विनंतीपत्र एका पानाचें असावें. काम कोणतें, किती जणांसाठीं, खर्च किती व तो केव्हांपर्यंत, हें आरंभींच लिहावें. मोघम मदत न मागतां निश्चित रक्कम सांगावी. दाता गरीब असल्यास त्याची लहान रक्कमही त्याच आदरानें घ्यावी. ज्याचें चित्र वा हकीकत छापावयाची, त्याची संमति घ्यावी. मूल असल्यास आईबापांचीही घ्यावी. पावती तेथल्या तेथें द्यावी, आणि आभाराचें पत्र पुढच्या मागणीचें पत्र होऊं देऊं नये. वर्षअखेर काय साधलें तें कळवावें, व काय साधलें नाहीं तेंही कळवावें. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वयें हिशेबाची तपासणी करवून घ्यावीच लागते; तो तपासलेला हिशेब देवळाच्या दारावरही लावावा. परदेशांतून येणाऱ्या देणगीस २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याची परवानगी लागते, हें विसरूं नये. मुख्य म्हणजे, दात्यास काम पाहावयास बोलवावें.

१९६२ सालीं चांदा हें सिरो-मलबार परंपरेचें स्वतंत्र मिशन-क्षेत्र झालें, १९७७ सालीं त्याचा धर्मप्रांत बनला. या वाटचालींत ज्यांनीं मूठभर तांदूळ दिले त्यांचीं नांवें कोणत्याही शिलेवर कोरलेलीं नाहींत. विधवेचीं दोन नाणीं प्रभूनें पाहिलीं होतीं. या मुठीही त्यानें पाहिल्या आहेत. त्यांचा हिशेब चोख ठेवणें, आणि ज्यांच्यासाठीं त्या आल्या त्यांची मान ताठ राखणें, हेंच आमच्या हातीं आहे.