स्त्रीव्यापाराचे निर्मूलन आणि स्त्रीचे हक्क : मुंबईच्या अनुभवाचा ऐतिहासिक विचार

संघटित गुन्हेगारीचे बळ शस्त्रांत किंवा पैशांत जितके असते, त्याहून अधिक ते तिने जखडून ठेवलेल्या माणसांच्या मौनात असते. स्त्रियांच्या व्यापारासंबंधी तर हे विशेषच खरे आहे. या व्यापारात जिची विक्री होते तीच स्त्री बहुधा त्या गुन्ह्याची एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार असते. तिने तोंड उघडले तर विकणारा, विकत घेणारा, कर्ज देणारा आणि डोळेझाक करणारा शिपाई हे सर्वच उघडे पडतात. तेव्हा असा व्यापार मोडू पाहणाऱ्या राज्यसंस्थेने त्या स्त्रीशी कोणते नाते जोडले, हा प्रश्न केवळ दयेचा राहत नाही. कायद्याच्या यशापयशाचा तोच मुख्य प्रश्न ठरतो. गेल्या दीडशे वर्षांतील मुंबईच्या अनुभवावरून या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यापासून करणे योग्य होईल. इंग्लंडात १८६४ साली झालेल्या अशाच कायद्याचा नमुना पुढे ठेवून हा कायदा करण्यात आला आणि १८७० साली मुंबई शहरास तो लागू झाला. लष्करातील व बंदरातील पुरुषांना गुप्तरोगापासून वाचविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी वेश्यांची नोंदणी, ठरावीक मुदतीने त्यांची सक्तीची वैद्यकीय तपासणी आणि रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलात त्यांना डांबून ठेवणे अशी तरतूद होती. रोग दोघांनाही होत असे, परंतु पुरुषाची तपासणी मात्र कायद्याला अभिप्रेत नव्हती. अनेक स्त्रिया ही नोंदणी चुकवीत असत. मुंबईत १८७२ मध्ये स्थगित झालेला हा कायदा १८८० मध्ये पुन्हा अंमलात आला आणि १८८८ मध्ये तो अखेर रद्द झाला. इंग्लंडात जोसेफाइन बटलर यांनी १८६९ पासून चालविलेल्या चळवळीने तेथील कायदे १८८६ साली रद्द करविले होते. त्या चळवळीचा मुख्य आक्षेप असा होता की, एकाच आचरणासाठी स्त्रीला शिक्षा आणि पुरुषाला संरक्षण देणारा कायदा न्याय्य असू शकत नाही. हक्काच्या भाषेत मांडलेला हा या विषयातील पहिला मोठा युक्तिवाद होय. तथापि मुंबईच्या पोलिसांना त्या कायद्याने लावलेली सवय कायद्याबरोबर संपली नाही. वेश्येवर नजर ठेवावी व तिच्या मालकाकडे कानाडोळा करावा, अशी ती सवय होती.

पुढचा टप्पा आंतरराष्ट्रीय करारांचा आहे. १९०४ साली पॅरिस येथे झालेला करार व त्यानंतरचा १९१० चा संकेत यांत ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असा शब्दप्रयोग होता आणि त्यांमागील चिंताही प्रामुख्याने युरोपीय मुलींविषयीची होती. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात त्या काळी युरोपातून आलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना आणणाऱ्या परदेशी दलालांना हद्दपार करण्याची तत्परता पोलिसांनी दाखविली. पण त्याच वस्तीतील देशी स्त्रियांच्या खरेदीविक्रीकडे त्या नजरेने पाहिले गेले नाही. राष्ट्रसंघाच्या आश्रयाने १९२१ साली जिनिव्हा येथे जो संकेत झाला, त्यात वर्णवाचक विशेषण गळाले आणि ‘स्त्रिया व मुले’ असा सर्वसमावेशक उल्लेख आला. संरक्षणाची वयोमर्यादाही २१ वर्षांपर्यंत वाढली. परंतु हिंदुस्थानच्या वतीने सही करताना २१ ऐवजी १६ वर्षांची मर्यादा ठेवण्याची मुभा राखून घेण्यात आली. परिणामी ज्या वयाची इंग्रज मुलगी व्यापाराची बळी ठरे, त्याच वयाच्या मराठी मुलीच्या वाट्याला ते संरक्षण येईलच अशी शाश्वती राहिली नाही.

या पार्श्वभूमीवर १९१७ मधील डंकन रस्त्यावरील खून खटल्याचे महत्त्व ध्यानात येते. अकूताई नावाची एक स्त्री तेथील कुंटणखान्यातून पळून जाण्याच्या प्रयत्नात पकडली गेली आणि मालकांनी केलेल्या छळात तिचा अंत झाला. या खटल्यात जबान्या दिल्या त्या मुख्यतः त्याच घरातील इतर स्त्रियांनी. कर्जाचा कधीही न फिटणारा बोजा, दारावरचा पहारा, मारहाण, हे या धंद्याचे अंतरंग त्या जबान्यांमुळेच न्यायालयाच्या दप्तरात आले. येथे दोन गोष्टी नोंदविण्यासारख्या आहेत. एक, हा व्यापार गुप्त नव्हता. भर वस्तीत, पोलिसांच्या डोळ्यांदेखत तो चालला होता. दुसरी, ज्या स्त्रियांची साक्ष एरवी कोणी विश्वसनीय मानली नसती, त्यांच्याच साक्षीवर खटला उभा राहिला. या प्रकरणाने सुशिक्षित मुंबईकर हादरले. पुढे १९२१ साली या प्रश्नाच्या विचारासाठी समिती नेमण्यात आली आणि १९२३ साली मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला.

वास्तविक डंकन रस्त्याच्या खटल्यापासून घ्यावयाचा धडा असा होता की, साक्षीदार स्त्रीला अभय द्यावे. कायद्याने घेतलेला धडा निराळा होता. दलाल व कुंटीण यांच्याबरोबर रस्त्यावर गिऱ्हाइकाला खुणावणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत आली. स्वातंत्र्यानंतर हेच द्वैत पुढे चालू राहिले. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांच्या व्यापारास मनाई केली. भारताने १९५० साली न्यूयॉर्क येथे १९४९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या संकेतावर सही केली आणि त्यास अनुसरून १९५६ चा स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा कायदा संमत झाला. या कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतःच गुन्हा ठरविला नाही. कुंटणखाना चालविणे, स्त्रीच्या कमाईवर जगणे, तिला आणणे व अडकवून ठेवणे हे गुन्हे ठरविले. तत्त्व निर्दोष होते. पण आठव्या कलमाने गिऱ्हाइकास बोलावणारी स्त्री दंडनीय ठरली आणि विसाव्या कलमाने तिला एखाद्या हद्दीतून निघून जाण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यास मिळाला. कानपूरच्या एका प्रकरणात हे विसावे कलम अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य मानले होते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. १९८६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव बदलले, धाडीच्या वेळी महिला पोलिसांची उपस्थिती आवश्यक केली, आणि पुरुषांचाही व्यापार होऊ शकतो हे मान्य केले. मात्र त्याच दुरुस्तीने आठव्या कलमाखाली पुरुषास जास्तीत जास्त तीन महिन्यांची शिक्षा सांगितली. स्त्रीच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंतची मर्यादा तशीच राहिली. १८६८ च्या कायद्यातील दुहेरी माप शतकानंतरही पुरते नाहीसे झाले नव्हते, हे यावरून दिसून येते.

अशा कायद्याचा व्यवहारात काय परिणाम होतो, याची दोन उदाहरणे मुंबईतच सापडतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी घातलेल्या धाडींत ४०० हून अधिक स्त्रिया व मुली ताब्यात घेण्यात आल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. सुटका झाली खरी, पण त्यानंतर कित्येक महिने त्यांना शासकीय गृहांत राहावे लागले आणि नेपाळी मुलींना परत नेण्याचे काम अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी अंगावर घेतले. मालकाच्या खोलीतून सरकारी खोलीत झालेल्या या स्थलांतराला त्या मुलींनी मुक्ती म्हणावे, ही अपेक्षा वाजवी नव्हती. दुसरे उदाहरण ‘प्रेरणा’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात आणलेल्या प्रकरणाचे, ज्याचा निकाल २००२ साली लागला. धाडीत सापडलेल्या मुलींना सोडवून नेण्याची धंदेवाल्यांची वाट न्यायालयाच्याच दारातून जात होती. उच्च न्यायालयाने आदेश दिला की, आरोपीच्या वकिलाने त्याच प्रकरणात पीडितेची बाजू मांडू नये आणि १८ वर्षांखालील मुलीस काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक म्हणून वागवावे. टोळीचा हात वकीलपत्राच्या रूपानेही मुलीपर्यंत पोहोचू शकतो, आणि तिचा स्वतंत्र वकिलाचा हक्क हाच तो हात तोडण्याचा उपाय आहे, हे या निकालाने स्पष्ट केले.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय कायद्यानेही या व्यापाराला संघटित गुन्हेगारीचे नाव दिले. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या व पालेर्मो येथे सह्यांसाठी खुल्या झालेल्या संकेताला मानवी व्यापाराविषयीचा नयाचार जोडलेला आहे. त्याने वेठबिगारी, गुलामगिरी, अवयवांची चोरी हेही शोषणाचे प्रकार मानले, आणि फसवणूक वा जबरदस्ती असल्यास पीडिताची संमती गैरलागू ठरविली. परंतु त्याची भाषा बारकाईने पाहिली असता एक विषमता जाणवते. गुन्हा दंडनीय करण्याविषयी राष्ट्रांवर स्पष्ट बंधन आहे. पीडिताच्या पुनर्वसनाविषयी मात्र राष्ट्रांनी उपायांचा ‘विचार करावा’ इतकेच म्हटले आहे. ही उणीव ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी २००२ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि व्यापारित व्यक्तींचे हक्क सर्व प्रयत्नांच्या केंद्रस्थानी असावेत असे प्रतिपादिले. २०२० साली स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या समितीने आपल्या ३८ व्या शिफारशीत स्थलांतराच्या संदर्भात या व्यापाराचा स्त्रीपुरुष विषमतेशी असलेला संबंध मांडला.

भारताने हा नयाचार २०११ साली स्वीकारला. २०१३ साली दंड संहितेच्या ३७० व्या कलमात मानवी व्यापाराची व्याख्या आली आणि या गुन्ह्यात गुंतलेल्या पोलिसास वा लोकसेवकास जन्मभराच्या कारावासाची तरतूद झाली. भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या सुटकेचा विचार करण्याचे आणि पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागविण्याचे निर्देश दिले.

स्त्रीच्या हक्कांचा फार विचार केल्यास पोलिसांचे हात बांधले जातात, असा एक आक्षेप घेण्यात येतो. वरील इतिहासावरून त्यास आधार मिळत नाही. ज्या ज्या वेळी कायद्याने स्त्रीवर नजर ठेवली, त्या त्या वेळी ती कायद्यापासून पळाली आणि मालकाच्याच आश्रयाला गेली, कारण पोलिसांच्या भीतीपेक्षा मालकाची भीती तिच्या परिचयाची होती. उलट, ज्या मोजक्या प्रसंगी तिच्या शब्दाला साक्षीचे मोल मिळाले, त्या प्रसंगी धंद्याची साखळी उघडी पडली. तात्पर्य, समान न्याय व मानवी हक्क ही गुन्हेगारीविरुद्धच्या लढ्याला बाहेरून लावलेली शोभा नव्हे. त्या लढ्याचे ते साधनच आहे. एखादा कायदा या कसोटीला उतरतो की नाही हे ठरविण्यासाठी अभ्यासकाने एवढेच पाहावे की, पोलिसांची गाडी गल्लीत शिरताच दाराआड कोण लपते: मालक, की ती स्त्री.