पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चार दशके

मढ परिसरातील एरंगळच्या किनाऱ्यावर संत बोनाव्हेंचर यांचे पोर्तुगीजकालीन चर्च उभे आहे. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे सण साजरा होतो. आत प्रार्थना चाललेली असते आणि बाहेर जत्रेचा गलबला. भक्ती आणि गोंगाट यांच्या या शेजारात कोणालाही काही वावगे वाटत नाही. परंतु हा गोंगाट दाराबाहेर न थांबता प्रार्थनेच्या शब्दांनाच येऊन भिडला तर? देवाचे नाव कर्णकर्कश गिटारच्या साथीने, किंकाळीसारख्या उंच पट्टीत गायिले गेले, तर ती उपासना मानावी की विटंबना?

हा प्रश्न ज्यांनी चार दशके अंगावर घेतला, त्यांत अमेरिकेतील ‘स्ट्रायपर’ या बँडचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे गाणाऱ्या हेवी मेटल संगीताला मुख्य बाजारपेठेत मानाचे स्थान मिळाले ते या बँडमुळे. त्याची वाटचाल मात्र सरळ नव्हती. धर्मोपदेशकांना त्यांचे संगीत सैतानी वाटले, तर रॉकच्या समीक्षकांना त्यांची गाणी प्रवचनी. या दोहोंपैकी एका बाजूची मर्जी राखण्याचा प्रयत्न बँडने एकदाच केला आणि त्याच वेळी तो मोडला. ही कथा म्हणूनच केवळ संगीताच्या इतिहासापुरती उरत नाही.

नाव आणि रंग

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत मायकेल स्वीट आणि रॉबर्ट स्वीट या भावांनी ‘रॉक्स रेजिम’ नावाचा बँड उभा केला. मायकेल गायक व गिटारवादक, तर रॉबर्ट ड्रमवादक. ऑझ फॉक्स हा दुसरा गिटारवादक आणि टिम गेन्स हा बेस गिटारवादक त्यांना येऊन मिळाले. लॉस एंजेलिसच्या क्लबांमधून त्या काळी फुगवलेले केस, रंगवलेले चेहरे आणि चमकदार कपडे यांची लाट आली होती. ‘रॉक्स रेजिम’ दिसायला त्याच लाटेतला होता. लवकरच चौघांनी ठरविले, की यापुढे आपली गाणी ख्रिस्ताविषयी असतील. त्याबरोबर नावही बदलले.

‘स्ट्रायपर’ या नावाचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथात, त्रेपन्नाव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात आहे. देवाच्या सेवकाने सोसलेल्या फटक्यांतून इतरांना आरोग्य लाभते, असा त्या वचनाचा आशय. जुन्या इंग्रजी भाषांतरात फटक्यांच्या वळांसाठी जो शब्द योजला आहे, त्याचा आजचा रूढ अर्थ ‘पट्टे’ असा होतो. त्यामुळे एकाच शब्दात ख्रिस्ताच्या पाठीवरचे वळ आणि बँडच्या अंगावरचे पट्टे एकत्र आले. कपडे, गिटार, ड्रम, सारेच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगले आणि वचनाचा क्रमांक बोधचिन्हात झळकू लागला. रॉबर्ट आपले ड्रम रंगमंचावर आडवे मांडत असे. वादन ऐकू तर येतेच, ते दिसायलाही हवे, हा त्यामागचा विचार.

विजयाची वर्षे

१९८४ मध्ये ‘एनिग्मा’ कंपनीने त्यांची सहा गाण्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘द येलो अँड ब्लॅक अटॅक’ प्रकाशित केली. १९८५ मध्ये आलेल्या ‘सोल्जर्स अंडर कमांड’ने पाच लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी बँडने जपानचा दौरा केला. ख्रिस्ती लोकसंख्या नाममात्र असलेल्या त्या देशातही श्रोते जमले, ही गोष्ट बोलकी आहे. शब्दांचा धर्म न मानणाऱ्यालाही सुरांचे आकर्षण वाटू शकते, याचा तो पडताळा होता.

२४ ऑक्टोबर १९८६ रोजी ‘टू हेल विथ द डेव्हिल’ हा अल्बम आला आणि बँड कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. शीर्षकाचा अर्थ सरळ होता : सैतान जावो नरकात. या अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ख्रिस्ती हेवी मेटलला असे यश प्रथमच मिळाले. ‘कॉलिंग ऑन यू’ आणि ‘फ्री’ या गाण्यांच्या चित्रफितींना एमटीव्हीच्या प्रेक्षकांनी वारंवार मागणी केली, तर ‘ऑनेस्टली’ हे संथ गीत ‘बिलबोर्ड’च्या शंभर गाण्यांच्या यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढले. मायकेलची अत्युच्च पट्टीतही न फाटणारी फेक आणि दोन गिटारांनी जोडीने वाजवलेल्या सुरावटी ही या संगीताची खूण ठरली. कार्यक्रमाच्या वेळी चौघे जण नव्या कराराच्या प्रती श्रोत्यांमध्ये फेकत. इतर बँड ड्रमच्या काठ्या फेकत, हे धर्मग्रंथ फेकत.

दोन आघाड्या

या यशाचा काळ नीट ध्यानी घ्यायला हवा. हेवी मेटलची पाळेमुळे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडकडे जातात. १९७० मधील त्यांच्या पहिल्याच अल्बमपासून अंधार, मृत्यू आणि सैतान या प्रतिमा त्या संगीताला चिकटल्या. १९८०च्या दशकात अमेरिकी पालकांच्या मनात या संगीताविषयी भीती दाटली होती. सप्टेंबर १९८५ मध्ये तर गाण्यांतील आक्षेपार्ह शब्दांबाबत थेट सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. अशा वेळी तेच केस, तीच गिटार आणि तोच कल्लोळ घेऊन कोणी येशूचे नाव गाऊ लागले, तर चर्चने साशंक व्हावे यात नवल नाही.

सर्वांत कठोर टीका आली ती जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रख्यात धर्मोपदेशकाकडून. यातील दैवदुर्विलास असा, की स्वीट बंधूंची श्रद्धा जागी झाली होती ती लहानपणी याच स्वॅगर्ट यांची प्रवचने दूरचित्रवाणीवर पाहून. १९८७ मध्ये स्वॅगर्ट यांनी ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिले. श्रोत्यांमध्ये नवा करार फेकणे म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणे होय, असा त्यांचा अभिप्राय होता. ‘टू हेल विथ द डेव्हिल’च्या मूळ मुखपृष्ठावर देवदूत सैतानाला खाली लोटत असल्याचे चित्र होते. त्यावरही आक्षेप निघाले आणि पुढे साधे काळे मुखपृष्ठ आले. दुसरीकडे रॉकच्या समीक्षकांनी बँडच्या वादनकौशल्यापेक्षा त्याच्या पट्ट्यांची आणि पुस्तकफेकीची थट्टा करण्यातच अधिक शाई खर्च केली.

चालीला धर्म असतो काय, हा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दीर्घकाळ पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायिली जात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात, भजनात आणि कीर्तनात आणली. वारकऱ्यांच्या वृत्तात येशूचे गुणगान हा त्या काळी लहान धक्का नव्हता. आज मात्र टिळकांची भजने मराठी चर्चमध्ये घरची झाली आहेत. टिळकांनी जी ऊर्मी संतांच्या परंपरेकडून घेतली, ती अमेरिकी तरुणांनी आपल्या भोवतालच्या क्लबांतून घेतली. दोहोंच्या काव्यगुणांची तुलना करण्याचे कारण नाही, पण प्रश्न एकच आहे. लोकांच्या कानात जी चाल आधीच वसली आहे, तिच्यातून त्यांच्याशी बोलावे की तिच्यापासून त्यांना दूर न्यावे? अमेरिकेतही ‘स्ट्रायपर’ या वाटेवर एकटा नव्हता. लॅरी नॉर्मन यांनी १९६९ मध्येच ख्रिस्ती रॉकची वाट पाडली होती आणि शिकागोच्या ‘रिझरेक्शन बँड’ने १९७०च्या दशकात तिला अधिक कणखर रूप दिले होते. ‘स्ट्रायपर’ने ती वाट हमरस्त्याला नेऊन मिळविली.

पट्टे उतरले तेव्हा

१९८८ मधील ‘इन गॉड वी ट्रस्ट’ या अल्बमचाही खप चांगला झाला, परंतु तो फार गुळगुळीत झाल्याची तक्रार चाहत्यांनी केली. टीकेने थकलेल्या चौघांनी मग निर्णायक पाऊल उचलले. ऑगस्ट १९९० मध्ये आलेल्या ‘अगेन्स्ट द लॉ’मध्ये पिवळे-काळे पट्टे नव्हते, धर्मवचनेही नव्हती. काळे कातडी कपडे आणि अधिक खडबडीत वादन घेऊन बँड आता इतरांसारखाच एक बँड होऊ पाहत होता. वादनाच्या दृष्टीने हा अल्बम त्यांच्या उत्तम कामगिरींपैकी आहे, असे मानणारे जाणकार आजही आढळतात. पण चर्चमधील चाहत्यांना ही माघार वाटली आणि रॉकच्या श्रोत्यांना हा बदल पटला नाही. खप घसरला. याच काळात आपण मद्याच्या आहारी गेलो होतो, ज्याचा उपदेश करत होतो त्याच्या विपरीत जगत होतो, अशी कबुली मायकेलने पुढे २०१४ मधील ‘ऑनेस्टली’ या आत्मचरित्रात दिली.

बाहेरचे वारेही बदलत होते. ‘एनिग्मा’ कंपनी डबघाईला आली. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘निर्वाना’चा ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाला आणि फुगवलेल्या केसांच्या मेटलचे दिवस पाहता पाहता सरले. १९९२च्या प्रारंभी मायकेलने बँड सोडला. उरलेल्या तिघांनी काही काळ नेटाने काम केले, पण लवकरच सारे थांबले.

क्रॅनबेरीच्या मळ्यातून

त्यानंतरचे दशक विजनवासाचे होते. मायकेलने १९९४ पासून एकट्याचे अल्बम काढले. ख्रिस्ती संगीताच्या बाजारात आरंभी त्यांना प्रतिसाद मिळाला, पण तो टिकला नाही. मग मॅसॅच्युसेट्समध्ये पत्नीच्या कुटुंबाच्या क्रॅनबेरीच्या मळ्यात त्याने काम पत्करले. दहा लाख प्रती खपविणारा गायक आंबट लाल फळांच्या पाणथळ शेतात राबत होता. फॉक्स आणि गेन्स यांनी ‘सिनडिझी’ नावाचा वेगळा बँड काढून पाहिला.

चाहते मात्र विखुरले नव्हते. २००० साली न्यू जर्सीत केवळ ‘स्ट्रायपर’च्या चाहत्यांचा मेळावा भरला आणि तेथे चौघे पुन्हा एका रंगमंचावर आले. २००३ मध्ये निवडक गाण्यांच्या संग्रहानिमित्त अमेरिकेचा दौरा झाला. २००५ मध्ये ‘रीबॉर्न’ हा नवा अल्बम आला. त्यात बेस गिटार ट्रेसी फेरी यांच्याकडे होती. शब्दांत पुन्हा श्रद्धा होती, तीही पूर्वीच्या घोषणाबाजीविना.

दुसरा डाव

या दुसऱ्या डावाचे वैशिष्ट्य हे, की तो पहिल्यापेक्षा कितीतरी लांब चालला. मार्च २००९ मध्ये मायकेलच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी ‘मर्डर बाय प्राइड’ प्रसिद्ध झाला आणि बँडने पंचविसाव्या वर्षाचा दौराही केला. २०११ मधील ‘द कव्हरिंग’मध्ये त्यांनी ‘ब्लॅक सॅबथ’, ‘आयर्न मेडन’, ‘जुडास प्रीस्ट’ अशा आपल्या गुरुस्थानी असलेल्या बँडची गाणी गायिली. २०१३ मधील ‘नो मोर हेल टू पे’ आणि २०१५ मधील ‘फॉलन’ हे अल्बम पूर्वीपेक्षा अधिक जड व धारदार होते. ‘फॉलन’मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’चे १९७१ मधील ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गीत आहे. सैतानी संगीताचे जनक म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांनीच त्या गीतात देवाच्या बाजूने युक्तिवाद केला होता. ‘स्ट्रायपर’ने नेमके तेच उचलले.

२०१७ मध्ये टिम गेन्स बाहेर पडला आणि ‘फायरहाउस’चा माजी बेसवादक पेरी रिचर्डसन आत आला. २०१८ मधील ‘गॉड डॅम इव्हिल’ या अल्बमच्या शीर्षकावरून जुनाच वाद नव्याने पेटला. देवा, दुष्टाईचा धिक्कार कर, अशी ती प्रार्थना असल्याचे बँडने सांगितले, परंतु ‘वॉलमार्ट’ या विक्रीसाखळीने अल्बम दुकानांत ठेवण्यास नकार दिला. त्याच वर्षी लास व्हेगासमधील कार्यक्रमात वाजवत असतानाच ऑझ फॉक्सला झटका आला आणि तपासणीत मेंदूत गाठी आढळल्या. तरीही तो बँडमध्ये राहिला. २०२० मध्ये ‘इव्हन द डेव्हिल बिलीव्ह्ज’, २०२२ मध्ये ‘द फायनल बॅटल’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ असे अल्बम येत राहिले.

मुंबईतून पाहताना

‘स्ट्रायपर’ची पहिली ध्वनिमुद्रिका आली त्या १९८४ मध्येच मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला, जो पुढे ‘इंडस क्रीड’ म्हणून ओळखला गेला. ‘टू हेल विथ द डेव्हिल’ आला त्या १९८६ मध्ये मुंबईकर रॉकप्रेमींसाठी ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाची सुरुवात झाली. या शहरातील रॉकने मात्र श्रद्धेचा विषय सहसा बाजूलाच ठेवला. गिटार शिकावी ती चर्चच्या गायकवृंदात आणि वाजवावी ती महोत्सवात, अशी ही सोयीची फाळणी होती. ‘स्ट्रायपर’ने अशी फाळणी नाकारली. त्याची किंमत त्यांनी दोन्ही बाजूंना मोजली.

त्यांच्या संगीताविषयी मतभेद राहतील. ज्यांना हेवी मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो त्यांना ते कधी रुचणार नाही, आणि ज्यांना गाण्यातला उपदेश खटकतो त्यांनाही नाही. परंतु १९८६ मध्ये ज्यांची थट्टा झाली, ते चौघांपैकी तिघे २०२४ मध्येही एकत्र, त्याच नावाने, त्याच श्रद्धेची गाणी वाजवत होते. सैतानाविरुद्ध बोलणारे शीर्षक दुकानदाराला पुन्हा नकोसे झाले, तेव्हा त्यांनी ते बदलले नाही. १९९० मध्ये एकदा पट्टे उतरवून पाहिले होते. तो धडा त्यांना पुरला.